चुकीचा हात

फोन बिघडला म्हणून कोणी बदलत नाही. बिघडलेला फोन माणूस वर्षभर ओढतो, त्याला रबरबँड लावतो, डावा कोपरा दाबून धरला की आवाज येतो हे पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. फोन बदलायला लावते ती लाज. आणि लाज काही झाडाला लागत नाही. ती कोणीतरी तयार करून घरोघर पोचवावी लागते. हे काम करून पगार घेणाऱ्यांपैकी एक होता चष्मेवाल्यांचा जावई.

त्याच्या खात्याच्या दारावर मोठ्या कंपनीला शोभेल असं लांबलचक नाव होतं. आतली माणसं मात्र स्वतःला 'जुनं करणारे' म्हणवून घ्यायची, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. नवं मॉडेल दुकानात यायच्या आधी दोनेक महिने ह्यांचा हंगाम सुरू होई. कालपर्यंत जो फोन चौकाचौकातल्या फलकांवर मिरवत होता, त्याचं आता असं काही करायचं की खिशातून काढताना माणसानं आधी इकडंतिकडं बघावं. पंचाईत एवढीच, की फोन आपल्याच कंपनीचा. त्याला उघड नावं ठेवता येत नाहीत.

ह्यावर तोडगा काढला होता खात्याच्या प्रमुखांनी. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई अंगानं लहानखुऱ्या होत्या. मोठं होतं ते त्यांचं गप्प बसणं. तोडगा असा, की नवा फोन योग्य हातात द्यायचा आणि सध्याचा चुकीच्या. नवा एखाद्या खेळाडूला, नटीला. सध्याचा, अगदी वरच्या किमतीचा, फुकट, खोक्यासकट, कोणाच्या तरी काकांना, जे तो कमरेच्या पट्ट्याला अडकवतील. किंवा कोणाच्या तरी आत्याला, जी तो ताटलीसारखा तोंडासमोर आडवा धरून त्यात ओरडेल. मग त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ, अगदी मायेनं काढलेले, कंपनीचं नाव न घेता सोडून द्यायचे. पुढचं काम बघणारेच करत. पंचविशीतल्या पोराला आपल्या हातात आत्याचा फोन दिसला, की तो फोन संपला.

बैठकीत कोणी 'म्हातारी माणसं' असं म्हणत नसे. ते असभ्य दिसलं असतं. 'हात' म्हणत. "हा हात चांगलाय." "ह्या हाताच्या गळ्यात दोरीपण आहे, वा!" हंगाम आला की प्रत्येकानं आपापला हात शोधून आणायचा, आणि ज्याचा हात गाजेल त्याचं वर्ष बरं जायचं.

जावयाचं गेलं वर्ष पार बुडालं होतं. त्यानं आणलेला हात, एक निवृत्त ग्रंथपाल, आठवड्याभरात सगळं शिकून बसला, आणि फोन त्याला इतका शोभून दिसला की जुन्याच मॉडेलचा खप वाढला. बाई काही बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि जावयाकडे बघितलं नाही. बाईंच्या हाताखालची जागा रिकामी व्हायची होती. ती आता एकतर त्याला मिळणार होती, नाहीतर त्याचीच जागा रिकामी होणार होती.

अशा मनःस्थितीत तो एका सुट्टीला सासरी जेवायला गेला. सासऱ्यांना कोणाला तरी फोन लावायचा होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आपला जुनाट फोन हातभर लांब धरला, उजव्या हाताचं पहिलं बोट जिभेला लावून ओलं केलं, आणि वर्तमानपत्राचं पान उलटावं तशी स्क्रीन उलटायला लागले. एक नाव सरकलं, पुन्हा बोट जिभेला. बोलणं झालं, समोरच्यानं फोन ठेवलासुद्धा, तरी हे बंद फोनला विचारत होते, "बरं, ठेवू का? ठेवतो हं."

जावयाचा घास तोंडातच राहिला. सात वर्षं तो ह्या माणसासमोर बसून जेवत होता. मान वर केली असती तर गेलं वर्षही वाया गेलं नसतं.

चष्मेवाल्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं, समोर चपलांचं दुकान. आत एक उंच खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरून खाली बारीक होत गेलेला. ह्या खुर्चीत बसून अख्ख्या गल्लीनं आपापलं वय ऐकलं होतं. चष्मेवाले नंबर खणखणीत सांगत, दुकानात कोण उभं आहे हे न बघता. "थकवाबिकवा काही नाही हो बाई, वय झालं. दीड." बाई लाजायची, बाकीची गिऱ्हाइकं हसायची, पण चष्मा तिथूनच घ्यायची, कारण नंबराच्या बाबतीत हा माणूस सख्ख्या भावाशीही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. न दिसणारी ओळ दिसते असं भासवणारा माणूस त्यांना तत्काळ कळे. अशा माणसाच्या दोन भुवयांमध्ये एक बारीक उभी घडी पडते. ती पडली की चष्मेवाले पुढचं ऐकतच नसत, भिंग बदलत.

एवढ्या पारखी माणसाला एकच गोष्ट खुपत होती. जावयानं त्यांना कधी काही दिलं नव्हतं आणि कधी काही विचारलंही नव्हतं. न दिल्याचं त्यांना काही नव्हतं. न विचारल्याचं लागलं होतं. जावई यायचा, "कसं काय बाबा" म्हणायचा, आणि उत्तर यायच्या आत फोनमध्ये बुडायचा. ह्या माणसानं आपल्याला हिशेबात धरलेलंच नाही असं त्यांना वाटे, आणि त्यांचं वाटणं बरोबर होतं.

म्हणून पुढच्या सुट्टीला जावयानं खोकं पुढं केलं, तेव्हा त्यांना आधी समजेचना.

"मला? कशाला? माझा चालतोय की."

"किती दिवस तोच वापरणार, बाबा?"

"चालतंय ना? मग झालं."

"अहो, घ्या की," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. "सात वर्षांनी जावयांच्या हातून सुटलंय काहीतरी, आणि हे परत लोटतायत."

"आई!" मुलगी ओरडली, पण हसत.

चष्मेवाल्यांनी खोकं उघडलं. आतला फोन त्यांनी भिंग धरतात तसा कडेनं धरला, उजेडात तिरका केला. "हा तर तो. चौकात एवढं मोठं पोस्टर आहे ह्याचं. सगळ्यात वरचा."

"तोच," जावई म्हणाला. "फक्त एक करायचं, बाबा. आत्ता कसा वापरता, तस्साच वापरायचा. कोणाकडे शिकायला वगैरे जाऊ नका. उगाच डोक्याला ताप."

केवढी काळजी, असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं. त्यांना भरून आलं, ते लपवायला त्यांनी चष्मा पुसला. मुलीनं पिशवीतून पाकिटासारखं उघडणारं कव्हर काढलं, त्याला लाल दोरी होती. दोरी तिनं स्वतःच्या हातानं वडिलांच्या गळ्यात घातली.

परत जाताना गाडीत ती म्हणाली, "त्यांना काही कळायचं नाही. किती आनंदात होते, बघितलंस?"

"बघितलं ना," जावई म्हणाला. "आनंदात असलेला हात कॅमेऱ्यात छान येतो."

तिनं त्याच्या दंडावर चापट मारली आणि खिडकीबाहेर बघून हसली.

मग जावयाच्या ऑफिसातली कॅमेरावाली दुकानात यायला लागली. पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून, नंतर उघडच. "काका, तुमच्याकडे इतका भारी फोन! दाखवा ना कसा वापरता." काका दाखवायचे. बोट ओलं करायचे. फोटो काढायचे, त्यात अर्धा माणूस आणि अर्धा काकांचा अंगठा. कॅमेरावालीनं विचारलं, "काका, फोटोत हे काय आलंय?" काका निरखून म्हणाले, "चालतंय ना? मग झालं."

त्या वाक्यानं कहर केला. कॉलेजांत, कँटीनमध्ये, जिन्यात, कोणी तो फोन बाहेर काढला की मागून आवाज यायचा, "काय काका, बोट ओलं केलंत का?" जुन्या फोनच्या बाजारात त्या मॉडेलचा ढीग पडला. एका मुलीनं म्हणे वाढदिवसाला मिळालेला फोन केक कापायच्या आधीच परत दिला. मोठ्या बाईंनी जावयाला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दाखवली. "असा हात मी आजवर पाहिला नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघणं म्हणजे अर्धी बढतीच.

आणि काका? काका खूश होते. त्यांनी ते व्हिडिओ बघितले होते. गल्लीत कोणी बघितले नव्हते? दुकानात पोरंपोरी येत, खांद्यावर हात टाकून फोटो घेत, जाता जाता एखाद-दुसरा गॉगलही नेत.

"लोक हसतायत हो," बायको म्हणाली.

"हसू दे. हसतायत म्हणजे बघतायत. आणि जावई आता काय म्हणतात माहितेय का? जावई आता रोज फोन करतात. 'बाबा, आज काय केलंत?' रोज!"

रोज करत होता हे खरं. जेवण झालं का हे मात्र विचारत नव्हता.

काकांना एकच गोष्ट टोचायला लागली, तो अंगठा. जन्म भिंगांत गेलेल्या माणसाला धड फोटो येऊ नये? त्यांना स्वतःसाठी लाज वाटत नव्हती, जावयासाठी वाटत होती. लोक म्हणतील, एवढा उंची फोन दिला, आणि दिला कोणाला, तर ह्या ठोंब्याला. जावयाची मान खाली जाईल. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसताना ते समोरच्या चपलांच्या दुकानातल्या बाईकडे जाऊन बसायला लागले. ती बाई फटकळ होती. "आधी ते बोट चाटणं बंद करा, काका. फोन आहे का लोणी? कोरडं बोट लागतं त्याला." कोरडं बोट चालतं हे कळल्यावर चष्मेवाले असे शिकले की बाईलाच पुढं काय शिकवावं ते सुचेना. अंगठा गेला. उजेड कुठून घ्यावा हे त्यांना आधीच ठाऊक होतं. एका दुपारी त्यांनी त्या बाईचा फोटो काढला, चपलांच्या रांगांमध्ये उभी, अर्ध्या चेहऱ्यावर दारातलं ऊन. बाई स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली आणि पहिल्यांदाच काही खोचक बोलली नाही.

तो फोटो त्यांनी कॅमेरावालीला मोठ्या हौसेनं दाखवला. कॅमेरावाली बाहेर गेली आणि तिनं जावयाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "तुमचे सासरे शिकतायत." आणि खिडकीकडे वळल्या.

जावई तडक दुकानात आला. एकटा, बायकोशिवाय, सात वर्षांत पहिल्यांदा. चष्मेवाल्यांनी लगबगीनं त्याला गिऱ्हाइकाचीच उंच खुर्ची दिली.

"बाबा, तुम्ही आधी करायचात तसंच करा. बोट ओलं करून."

"अहो, पण ते चुकीचं होतं. मला कुठं माहीत होतं? कोरडंच बोट लागतं त्याला."

"लोकांना तेच आवडतं, बाबा."

"चूक आवडते?"

"चूक नाही, तुम्ही. तुम्ही जसे आहात तसे." जावयानं पुढं सरकून त्यांचा हात हातात घेतला. हे कामाचं साहित्य होतं, त्यामुळे त्यानं ते जपून धरलं. "हे बघा, नव्या मॉडेलच्या लाँचला तुम्ही स्टेजवर आहात. मोठ्या बाईंनीच ठरवलंय. हजारो माणसं. मी बाजूलाच उभा असेन. माझं सगळं ह्या एका कार्यक्रमावर आहे. मी सांगतो तेवढंच करा. कराल ना?"

स्टेज म्हटल्यावर चष्मेवाल्यांना पुढचं नीट ऐकू आलं नाही. त्यांना एवढंच कळलं की जावई घाबरलाय. आपण स्टेजवर गडबडू, त्याचं हसं होईल, म्हणून बिचारा म्हणतोय की जमेल तेवढंच करा. "तुम्ही निर्धास्त राहा, जावईबापू," ते म्हणाले. "तुमची मान खाली जाईल असं मी काही करणार नाही."

जावई गेल्यावर त्यांनी गळ्यातली दोरी काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि एका हातानं फोटो काढायचा सराव सुरू केला.

लाँचचा हॉल एवढा मोठा होता की मागची माणसं मुंग्यांएवढी दिसत. पहिल्या रांगेत मुलगी बसली होती, शेजारी जावयाच्या ऑफिसातल्या बायका, आणि टोकाला चष्मेवाल्यांची बायको, ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरून. कार्यक्रम असा बांधला होता: काका येणार, सध्याचा फोन काढणार, बोट ओलं करून धडपडणार, लोक हसणार. हसणं टिपेला गेलं की पडदा पडणार, त्यावर 'आता पुरे' एवढे दोनच शब्द झळकणार, आणि धुरातून एक खेळाडू नवा फोन घेऊन चालत येणार. काकांना ह्यातलं फक्त 'काका येणार' एवढं सांगितलं होतं.

काका आले. हॉल उठून बसला. "काका! काका! बोट! बोट!"

काकांनी हात जोडले. मग खिशातून फोन काढला, कव्हराशिवाय, दोरीशिवाय. त्यांच्या फोनवर जे दिसेल ते मागच्या भिंतभर पडद्यावर दिसणार होतं. "जरा तेवढे समोरचे दिवे लावा हो," ते दिवेवाल्याला म्हणाले, दुकानात सांगतात तशाच आवाजात. "अंधारात काय दिसणार?" दिवेवाल्याला वाटलं हेही ठरलेलंच असेल. हॉल उजळला. काकांनी कोरड्या बोटानं कॅमेरा उघडला, फोन एका हातात उचलला, श्वास रोखला, आणि फोटो काढला.

भिंतभर फोटो उमटला. इतका स्वच्छ, की पहिल्या रांगेतल्या बायकांच्या कानातलं मोजता यावं. हसायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. मागून कोणीतरी चुकून टाळी वाजवली. त्या क्षणी तो जुना फोन हॉलमधल्या प्रत्येकाला परत हवासा वाटला असणार. पडद्याआड मोठ्या बाईंची मान सावकाश जावयाकडे वळली.

"बाबा," जावई कडेनं कुजबुजला. "बोट."

चष्मेवाल्यांनी त्याच्याकडे बघितलं. जावई हसत होता, मान डोलावत होता, छान छान म्हणत होता, आणि त्याच्या दोन भुवयांमध्ये एक बारीक उभी घडी पडलेली होती. त्यानं स्वतःचं बोट जिभेला लावून दाखवलं. "बोट ओलं करा. प्लीज."

ती घडी बघून चष्मेवाले थांबले. मग, शेवटची ओळ तपासावी तसे, ते वळून आपणच काढलेल्या फोटोकडे बघायला लागले. पहिली रांग. एकदम टोकाला बायको, डोळे ताणून स्टेजकडे बघणारी. आणि मध्ये मुलगी. ती स्टेजकडे बघत नव्हती. ती शेजारणीकडे वळली होती, हसण्यानं डोळे मिटलेले, आणि आता काय होणार ते तिला आधीच करून दाखवत होती. मुलीचं बोट तिच्या जिभेवर होतं. फोटोत सगळ्यात स्पष्ट तेच आलं होतं.

नजर चांगली असणं नेहमीच फायद्याचं नसतं.

हॉल ताटकळला होता. चष्मेवाल्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं, शेवटच्या रांगेला दिसेल इतकं वर. जीभ बाहेर काढली. बोट मुळापासून टोकापर्यंत ओलं केलं आणि स्क्रीनवर आपटलं. फोटो पुसला गेला, दुसरंच काहीतरी उघडलं, पुन्हा बोट जिभेला, पुन्हा स्क्रीनला. हॉल हशानं फुटला. माणसं खुर्चीवरून घसरली. काकांनी फोन उलटा धरला, त्याला कान लावला, आणि विचारलं, "चालतंय ना?"

"मग झालं!" हॉल एका सुरात गरजला.

पडदा पडला. 'आता पुरे.' धुरातून खेळाडू आला, आणि त्याला जागा करून देण्यासाठी कोणीतरी काकांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

घरी जाताना बायको टॅक्सीत म्हणाली, "मुद्दाम केलंत ना ते?"

"जावयांचं काम होतं."

"आणि लेक? ती काय म्हणाली?"

"ती पहिल्या रांगेत होती. तिला चांगलं दिसलं असेल."

जावयाला जागा मिळाली. नवा फोन धडाक्यानं खपला. काका महिनाभरात जुने झाले. पोरंपोरी दुकानात यायची बंद झाली, कारण तोवर दुसऱ्या कोणाच्या तरी मांजरानं त्यांची जागा घेतली होती. जावयाचे फोन लाँचच्या दुसऱ्या दिवसापासून थांबले. चष्मेवाल्यांनी उंची फोन दोरीशेजारी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आपला जुनाट काढला. नंबर ते पूर्वीसारखेच खणखणीत सांगत. फक्त एक गोष्ट बायकोच्या लक्षात आली. ते आता बोट ओलं करत नसत. वर्तमानपत्राचं पानसुद्धा कोरड्या बोटानं उलटत, ते सुटायचं नाही, दोन-दोन पानं एकदम जायची, मधली बातमी राहून जायची.

पुढच्या हंगामाला जुनं करणाऱ्यांची पंचाईत झाली. काकांचा कार्यक्रम घरोघर बघितला गेला होता, त्यामुळे फुकट फोन म्हटलं की म्हातारी माणसं आता दारातूनच हात जोडायची. कोणाच्या तरी आजीनं तर खोकं घेऊन आलेल्याला काठी दाखवली. बाहेर हात मिळेनात. मोठ्या बाईंनी विचार केला आणि मग त्यांची नजर ऑफिसातच फिरायला लागली. हिशेबखात्यातले एक गृहस्थ चहाच्या सुट्टीत फोन लांब धरून वाचताना त्यांना दिसले. आठवड्याभरात त्या गृहस्थांना कौतुकाचं खोकं मिळालं, आणि महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

त्याच सुमारास एका दुपारी जावई दुकानात आला. आल्या आल्या त्यानं दार लोटून घेतलं.

"बाबा, जरा डोळे बघता? हल्ली वाचताना... म्हणजे थकवा असेल."

"बसा."

"कोणाला बोलू नका. हिलासुद्धा नाही. आमच्याकडे सध्या वातावरण ठीक नाहीये."

चष्मेवाल्यांनी बारीक अक्षरांचं कार्ड त्याच्या हातात दिलं. जावयानं ते जवळ धरलं, मग थोडं लांब, मग आणखी. हात कोपरातून सरळ झाला तेव्हा कुठं त्याचा श्वास सुटला. त्यानं पहिल्या दोन ओळी वाचल्या. तिसरीही वाचली, भराभर, आणि भुवयांमध्ये घडी पडली.

बाहेर चपलांच्या दुकानातली बाई दारात उभी राहून इकडे बघत होती. चष्मेवाल्यांनी भिंगांची पेटी उघडली. त्यातलं कुठलं भिंग लागेल हे त्यांना न बघता कळलं होतं. त्यांचं बोट त्यावर जाऊन टेकलंसुद्धा. मग त्यांनी पेटी मिटली.

"नजर उत्तम आहे," ते म्हणाले.

"उत्तम?"

"उत्तम."

"मग जवळचं का दिसत नाही?"

"जवळ कशाला धरता? हे नवे फोन डोळ्यांजवळ धरूच नयेत, उजेड फार. लांब धरा. बिनधास्त. तुमचं काही वय झालेलं नाही."

जावयानं त्यांच्याकडे बघितलं. अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट त्यालाही ठाऊक होती. "नक्की ना, बाबा?"

"नंबराच्या बाबतीत मी कोणाशी खोटं बोललोय कधी?"

जावयाचे खांदे खाली आले. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं दारातून मागं वळून चक्क विचारलं, "तुमचं कसं चाललंय बाबा?" आणि उत्तराच्या आत फोन वाजला म्हणून खिशातून काढला, हातभर लांब धरला, मान मागं घेतली, आणि तसाच रस्त्यावरून चालत गेला.

चपलांच्या दुकानातली बाई म्हणाली, "काका, जावयांना चष्मा लागला का?"

"छे," चष्मेवाले म्हणाले.

काही दिवसांनी सकाळी मुलीचा फोन आला. आवाज बारीक होता. "बाबा, ह्याला मोठ्या बाईंनी स्वतः केबिनमध्ये बोलावलं. फोन दिला. रिबन लावून."

"कुठला?"

"सध्याचा. सगळ्यात वरचा."

चष्मेवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हा कालपासून जेवला नाहीये. सोफ्यावर बसून खोक्याकडे बघतोय. बाबा, हा आत्ता सांगतोय, तुम्ही त्याचे डोळे बघितले होते ना?"

"बघितले होते."

"मग?"

"जवळचं सोड. लांबचं चालतंय ना?"

तिकडे सोफा करकरला.

"मग झालं," चष्मेवाले म्हणाले.

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तरी त्यांनी बंद फोन तोंडासमोर तसाच धरून ठेवला. "बरं, ठेवू का?" ते म्हणाले. "ठेवतो हं."

"काय म्हणत होती?" बायकोनं आतून विचारलं.

"जावयांना फोन मिळाला. ऑफिसकडून."

बायको दारात येऊन उभी राहिली. चष्मेवाल्यांनी वर्तमानपत्र पुढं ओढलं, चष्मा खाली घेतला, आणि बोट जिभेला लावून सावकाश पान उलटलं.